प्रश्न तुमचे, पेटी माझी : ‘ऑटम लीव्हज’ नेमकं कुणाचं?

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले. कीबोर्ड किंवा गिटार शिकणाऱ्यानं पहिल्या वर्षात जॅझमधलं एखादं तरी ‘स्टँडर्ड’ पक्कं करावं, उदाहरणार्थ ‘ऑटम लीव्हज’. झालं! भात्यातून हवा गळते, काळी चारचा सूर दबून येतो, या नेहमीच्या पत्रांच्या वरताण पत्रं या एका गाण्यावर आली. म्हणून या महिन्यात भाता, पट्ट्या आणि सूर मिळवणं बाजूला. ज्यांच्या पेट्या अडून बसल्या आहेत त्यांनी एक महिना दम धरावा.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा अकरा वर्षांचा नातू कीबोर्डवर ‘ऑटम लीव्हज’ बसवतो आहे. त्याचे सर सांगतात, हे अमेरिकन गाणं. माझी लेक फ्रान्समध्ये असते. ती फोनवर म्हणाली, “बाबा, हे इथलं आहे, इथल्या आज्याही गुणगुणतात.” नातवाच्या वहीत गाण्याखाली नाव लिहायचं आहे. कुणाचं लिहू? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : गुरुजी, लेकीचं बरोबर आहे आणि सरांचंही अगदीच चूक नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर या गाण्याचं आजोळ बुडापेस्ट, माहेर पॅरिस आणि सासर अमेरिका. नावलौकिक सासरी झाला, म्हणून सरांचा गैरसमज.

चाल जोसेफ कोस्मा यांची. हा माणूस 1905 साली बुडापेस्टला जन्मला. पुढे बर्लिनला गेला, तिथे संगीतकार हान्स आइस्लर आणि नाटककार ब्रेख्त यांच्या मंडळींत वावरला, आणि 1933 मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, पॅरिसला आला. तिथे त्याला कवी जाक प्रेव्हेर भेटला आणि जोडी जमली. पण कोस्मा ज्यू. जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्यावर त्याला संगीत द्यायला बंदी झाली आणि दक्षिणेकडे नजरकैदेत राहावं लागलं. प्रेव्हेर आणि दोस्तांनी त्याला सांभाळलं, चोरून काम दिलं. त्या काळात त्यानं चित्रपटांसाठी जे केलं ते दुसऱ्याच्या नावाआड. गाण्याखाली नाव कुणाचं, हा तुमचा प्रश्न त्याच्या बाबतीत असा जुना आहे.

पॅरिस मोकळं झालं ऑगस्ट 1944 मध्ये. पुढच्या वर्षी, 15 जून 1945 रोजी, तिथल्या सारा बर्नहार्ट थिएटरात एक बॅले झाला, ‘ल रांदेव्हू’. नृत्यरचना करणारा रोलां पती अवघा एकवीस वर्षांचा. कथा प्रेव्हेरची, पडदा पिकासोचा, आणि नेपथ्य म्हणून छायाचित्रकार ब्रासाईनं काढलेले पॅरिसचे प्रचंड मोठे केलेले फोटो. यातल्या एका जोडीच्या नाचासाठी कोस्मानं जी सुरावट केली, तीच ही. तेव्हा तिला शब्द नव्हते. शब्द प्रेव्हेरनं नंतर बसवले. आपल्याकडे ‘चालीवर लिहिलेलं गाणं’ असं म्हणताना नाकं मुरडायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. फ्रेंच भाषेतलं एवढं गाजलेलं विरहगीत चालीवर लिहिलेलं आहे.

शब्द लागले ते दिग्दर्शक मार्सेल कार्ने यांच्या 1946 च्या ‘ले पोर्त द ला न्वी’ या चित्रपटासाठी. नायक-नायिका म्हणून ठरले होते जाँ गाबँ आणि मार्लेन डिट्रिश, म्हणजे त्या वेळचे बडे तारे. दोघंही गळले. मग आयत्या वेळी नवख्या इव्ह मोंताँला आणि नताली नातिए या मुलीला उभं केलं. बार्बेस-रॉशशुआर हे मेट्रोचं स्टेशन स्टुडिओत नव्यानं बांधलं, पैसा पाण्यासारखा ओतला. आणि चित्रपट आपटला. त्यात दाखवली होती फेब्रुवारी 1945 ची थंडी, काळाबाजारवाले, जर्मनांना फितूर झालेली माणसं. पॅरिसकर ते सगळं नुकतंच भोगून बसले होते. तिकीट काढून पुन्हा कोण बघणार?

चित्रपटात मोंताँ हे गाणं जेमतेम गुणगुणतो. नायिकेच्या तोंडी जे येतं तो आवाज इरेन जोआकिम या ऑपेरा गायिकेचा, म्हणजे आपल्याकडचा प्लेबॅकच. (व्हायोलिनवाल्यांसाठी : ही बाई जोसेफ योआकिमची नात. संगीतकार ब्राम्सचा दोस्त असलेला तोच तो थोर व्हायोलिनवादक. मला हे कळलं तेव्हा उगाचच घरातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं.) चित्रपट डब्यात गेला, पण गाणं कॅबरेतल्या गायिकांनी उचललं, आणि मोंताँनं पुढे जन्मभर रंगमंचावर ते गायलं.

अमेरिकेत इंग्रजी शब्द लिहिले जॉनी मर्सर यांनी. ते स्वतः कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या संस्थापकांपैकी एक. 1950 मध्ये त्याच कंपनीनं ‘जो स्टॅफर्ड’ या गायिकेच्या आवाजात रेकॉर्ड काढली. मर्सर यांनी भाषांतर केलं असं म्हणवत नाही. प्रेव्हेरच्या गाण्यात सुरुवातीला बराच मोठा सांगण्याचा भाग आहे : आपण सुखात होतो ते दिवस तुला आठवावेत, पानं फावड्यानं भरावीत इतकी साठली आहेत, तशाच आठवणी आणि तसेच पश्चात्ताप. मर्सरनी तो भागच सोडून दिला. राहिलं ते फक्त पुढचं, चालीत घट्ट बसणारं. खिडकीबाहेरची लाल-सोनेरी पानं, उन्हाळ्यात धरलेले रापलेले हात, आणि संपलं. मला विचाराल तर फावडं गेलं याचं वाईट वाटतं. पण फावडं राहिलं असतं तर गाणं अटलांटिक ओलांडून इतक्या लवकर मुरलं असतं का, शंकाच आहे.

तेव्हा वहीत तीन ओळी लिहा, गुरुजी. चाल : जोसेफ कोस्मा. फ्रेंच शब्द : जाक प्रेव्हेर. इंग्रजी शब्द : जॉनी मर्सर. जागा कमी पडली तर अक्षर बारीक काढा, पण नाव गाळू नका.

प्रश्न : मी या गाण्याचा मराठी अनुवाद करते आहे. ‘शरदातली पाने’ हे शीर्षक कसं वाटतं? (नाशिक)

उत्तर : नका करू. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागरीचं दूध, भाताची लोंबी. झाडं तेव्हा हिरवीगार असतात. आपल्याकडे पानं गळतात शिशिरात, आणि तोवर पळस फुलायच्या तयारीला लागलेला असतो. ‘ऑटम’ला शब्दकोशात शरद लिहिलं की सगळा ऋतूच उलटा होतो. शिवाय फ्रेंच नावात ऋतू नाहीच. ‘ले फय मॉर्त’ म्हणजे मेलेली पानं. ‘वाळली पानं’ म्हणा, ‘पानगळ’ म्हणा. नाशिकच्या माणसाला कार्तिकात पानगळ दाखवलीत तर तो द्राक्षबागेला रोग पडला समजेल.

प्रश्न : ‘स्टँडर्ड’ म्हणजे नक्की काय? गाजलेलं प्रत्येक गाणं स्टँडर्ड का नसतं? (सॉफ्टवेअरवाला, वय 34, पुणे)

उत्तर : तुम्ही शास्त्रीय संगीत थोडं ऐकत असाल असं धरून चालते. ‘बाबुल मोरा’ घ्या. वाजिद अली शाहच्या नावावर सांगितली जाणारी ही भैरवी. 1938 च्या ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये सैगलनं गायली. नंतर किती मोठमोठ्या गवयांनी गायली त्याची मोजदाद नाही, पण कुणी मैफलीत ती सुरू केली तर ‘सैगलसारखी नाही झाली’ असं जाणता श्रोता म्हणत नाही. तो बघतो की यानं त्यात काय केलं. जॅझवाल्यांचं स्टँडर्ड म्हणजे जवळजवळ हेच. मुखडा सगळ्यांना ठाऊक, आवर्तन ठरलेलं, पुढचं ज्याचं त्यानं.

गाजणं वेगळं. 1955 साली रॉजर विल्यम्स नावाच्या पियानोवादकानं ‘ऑटम लीव्हज’ची रेकॉर्ड काढली आणि ती अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. वरच्या पट्टीतून खाली घरंगळत येणाऱ्या सुरांचे नुसते लोट आहेत तीत, पानं गळतात हे बहिऱ्यालाही कळावं असे. मला ती रेकॉर्ड आवडत नाही, पण तिचा द्वेषही करत नाही. घरोघर पियानो शिकणाऱ्या पोरांना तेच लोट वाजवायचे होते. म्हणजे लोक गाण्याची नव्हे, त्या रेकॉर्डची नक्कल करत होते. पुढच्याच वर्षी याच नावाचा हॉलिवुडचा चित्रपट आला आणि त्याच्या नामावलीवर गायक नॅट किंग कोलनं ते गायलं. गाणं तेव्हा गाजलेलंच होतं. पण अमुक एकासारखंच वाजलं पाहिजे, अशी अट अजून सुटली नव्हती.

ती सुटली ती दुसऱ्याच खोलीत. त्याच 1955 साली अहमद जमाल या पियानोवादकानं आपल्या लहानशा ताफ्याबरोबर हे गाणं अगदी निराळ्या ठेक्यात मांडलं. माइल्स डेव्हिस हा जमालचा भक्त. 9 मार्च 1958 रोजी सॅक्सोफोनवाला कॅननबॉल ॲडर्ली ‘समथिंग एल्स’ या तबकडीचं रेकॉर्डिंग करायला बसला तेव्हा ट्रंपेटवर माइल्स होता. जमालच्या मांडणीवरून घेतलेली ती जड पावलांची सुरुवात, मग थोडी शांतता, आणि मग माइल्स ट्रंपेटच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दबवणारं बूच, लावून मुखडा वाजवतो. वाजवतो म्हणजे अर्धा वाजवतो. बाकीचा ऐकणाऱ्याच्या कानात असतोच, हे त्याला पक्कं माहीत आहे. तबकडीचा मालक ॲडर्ली, पण मुखडा त्यानं पाहुण्याला दिला. मैफलीतला हा शिष्टाचार आपल्याकडच्यांना समजावून सांगायला नको. पुढे ॲडर्ली येतो तो तोंडात पान रंगलेल्या माणसासारखा खुशीत. सगळं मिळून अकरा मिनिटांच्या आसपास. विरहाचं गाणं आहे हे मधे विसरायला होतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

दीड-पावणेदोन वर्षांनी, 28 डिसेंबर 1959 ला, बिल एव्हान्सनं तेच घेतलं. पियानोवर तो, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. इथे बासवाला मागे उभा राहून नुसता ठेका धरत नाही. मुखडा होतो न होतो तोच पियानो आणि बास एकमेकांची वाक्यं पुरी करायला लागतात. सवाल-जवाब म्हणावं तर त्यात चढाओढ नाही, दोन जिवलग माणसं एकदम बोलतात तसं आहे ते. लाफारो 1961 मध्ये मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. ते रेकॉर्डिंग मी त्यामुळे थोडं हळवं होऊन ऐकते, हे कबूल.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. प्रत्येक गाजलेलं गाणं असं का होत नाही? माझं मत असं की काही गाण्यांत गाणाऱ्याचा आवाज, वाद्यमेळ, एखादी लकेब इतकी घट्ट रुतलेली असते की ती उपटली तर खाली काही उरत नाही. ‘ऑटम लीव्हज’मधून पहिल्यांदा नाच काढून घेतला, मग चित्रपट पडला, मग फावडं गेलं, मग वाद्यवाल्यांनी शब्दच काढले. तरी सांगाडा उभाच. बत्तीस मात्रागटांचा सांगाडा, आठ-आठचे चार तुकडे, पहिले दोन सारखे. सत्तरच्या दशकात बोस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या पोरांनी अशा सांगाड्यांची एक चोरटी वही तयार केली. झेरॉक्स करून विकली जायची, पुढे 2004 मध्ये ती रीतसर छापून निघाली. तीत हे गाणं एका पानावर आहे. एक पान! वर मुखडा, त्याच्या डोक्यावर कॉर्डची नावं. पुढचं तुमचं तुम्ही बघा. तुमच्या धंद्यात ‘ओपन सोर्स’ म्हणतात तसं म्हणायचा मोह होतो, पण हक्क अजून शाबूत आहेत, तेव्हा नको.

प्रश्न : हे गाणं पेटीवर वाजवता येईल का? कोणता राग? डाव्या हातानं काय करायचं? (पेटी शिकणारी, इचलकरंजी)

उत्तर : येईल की. पांढरी पाचला सा धरा. जॅझवाले जमले की बहुतेक याच सुरात वाजवतात. वर सांगितलेल्या वहीत मात्र पांढरी तीन आहे. ठेका चार मात्रांचा. सम मोकळी सोडा, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या मात्रेला एकेक सूर, आणि उडी बरोबर समेवर. मुखडा घेऊन समेवर यायची सवय आहेच तुम्हाला.

पहिली ओळ : सा रे ग, आणि समेवर ध. ग आणि ध दोन्ही कोमल.
दुसरी : मंद्रातला (खालच्या सप्तकातला) कोमल नी, सा, रे, आणि समेवर प.
तिसरी : मंद्रातला कोमल ध, कोमल नी, सा, आणि समेवर म.
चौथी : मंद्रातला प, मग शुद्ध ध, शुद्ध नी, आणि समेवर कोमल ग.

आता हे चार-पाच वेळा वाजवून बघा आणि मग पुढचं वाचा.

वाजवलंत? प्रत्येक ओळ तीन पायऱ्या चढते आणि वर उडी घेते. कुठेही ‘पडणं’ नाही. पण ज्या सुरांवर येऊन ती थांबते ते ओळीनं मांडा : ध, प, म, ग. चढता चढता गाणं दर वेळी एक पायरी खाली आलेलं असतं. रॉजर विल्यम्सला पानं गळताना दाखवायला धबधबा लागला. कोस्मानं ती चार सुरांत गाळली आहेत, तीही वर उडी मारत. आणि चौथी उडी नीट बघा. पहिल्या तिन्ही उड्या सा ते म एवढ्या अंतराच्या, चौथी अर्ध्या सुरानं आखूड. शुद्ध निषादावरून कोमल गंधारावर. तिथे पोटात जो खड्डा पडतो तो या आखूडपणाचा आहे. शिकणारे हमखास चुकतात तेही इथेच. बोटं तीन ओळी कोमल धैवताला सरावलेली असतात, ती चौथीतही कोमलच दाबतात. चौथ्या ओळीतला ध शुद्ध आहे, पाटीवर लिहून ठेवा.

राग विचारलात. थाट बघायचा तर आसावरी, पण राग म्हणू नका. रागात षड्ज घरच्या वडीलधाऱ्यासारखा बसून असतो, आपण अंगणात कितीही फिरलो तरी तो जागचा हलत नाही. इथे खालचा आधारच चालत असतो. डाव्या हाताला, म्हणजे ज्याला बास म्हणतात तिथे, दर आवर्तनाला आधार बदलतो : म, नी, ग, ध, रे, प, सा (नी, ग, ध कोमल). सप्तकातले सातही सूर एकेकदा येऊन जातात आणि सगळ्यात शेवटी सा. म्हणून पेटीवर षड्जाचा भरणा देत हे वाजवलंत तर गाणं जागच्या जागी उभं राहील, आणि तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय. पेटीवर डावा हात भात्याला, तेव्हा ते सात सूर मैत्रिणीला दुसऱ्या पेटीवर धरायला सांगा. नुसते लांब धरायचे, बाकी काही नाही. दहा मिनिटांत तुम्हाला कळेल की गवई लोक रात्रभर हे एक गाणं का वाजवत बसतात.

प्रश्न : आपल्याकडे नाट्यपदं, लावण्या, मांडो, अभंग असताना मराठी मासिकाची पानं फ्रेंच पानगळीवर का खर्च करता? (नाव छापू नये, डोंबिवली)

उत्तर : मासिकाची पानं आहेत, गळतातच. पुढच्या अंकात मांडोवर लिहीन, तेव्हा ‘हे कोंकणी का’ असं पत्र पाठवू नका म्हणजे झालं.

प्रश्न : आधी कुणाचं ऐकू? घरी लेक म्हणते यूट्यूबवर हजारो आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : आधी मोंताँ, शब्द कळले नाहीत तरी. मग माइल्सवालं ‘समथिंग एल्स’. मग बिल एव्हान्स. या तिघांच्या मधे दुसरं काही ऐकू नका. नंतर हवं तर फ्रेंच गायक सर्ज गॅन्सबूर. त्यानं 1961 मध्ये या गाण्याबद्दलच एक गाणं केलं : हे गाणं लागलं की जुनी प्रीत आठवते, आणि हे गाणं मनातून पुसलं जाईपर्यंत ती पुरती मरत नाही, अशा आशयाचं. फ्रान्समध्ये या गाण्याला केवढा मान आहे ते त्यावरून कळतं. बॉब डिलननंही 2015 मध्ये गायलं आहे. पंचाहत्तरीकडे झुकलेला तो खरखरीत आवाज माझ्या मुलाला आवडतो, मला पचत नाही.

प्रश्न : ताई, तुम्ही मूळच्या पेटीवाल्या. हे गाणं तुमच्याकडे कुठून आलं? (मडगाव)

उत्तर : तुमच्याच गावाकडच्या माणसाकडून. आम्ही ठाकूरद्वारला राहत असू. 1974 साली मी चौदा वर्षांची होते, वडिलांनी कुणाकडून तरी जुनं ॲकॉर्डियन स्वस्तात आणलं होतं आणि ते वाजवायला शिकवणारा माणूस घरात कुणी नव्हता. काव्हेलमध्ये एका भाड्याच्या खोलीत एक गोंयकार सर शिकवायचे. मूळचे सासष्टीचे, राहायचे धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात, गावच्या लोकांबरोबर, ट्रंका उशाशी घेऊन. दिवसा ताडदेवला सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन आणि रात्री हॉटेलातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन. मधल्या दोन तासांत आम्ही तिघी-चौघी. त्या काळात मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत नोटेशन घडाघडा वाचणारे लोक बहुतेक गोव्याचेच, चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकून आलेले.

सरांनी मला एक कागद दिला. स्वतःच्या हातानं उतरवलेला, निळी शाई, वर नाव ‘फॉलिंग लीव्हज’. संगीतकाराचं नाव लिहायच्या जागी ‘ट्रॅड.’ म्हणजे पारंपरिक, लोकगीत. त्यांनी तो दुसऱ्या कुणा वाजप्याच्या कागदावरून उतरवला असणार, आणि त्यानं तिसऱ्याच्या. मी पुढची कित्येक वर्षं हे युरोपातल्या कुठल्याशा खेड्यातलं, बायका सुगीत म्हणतात तसलं गाणं समजत होते. गुरुजींना ‘नाव गाळू नका’ म्हणाले ते उगाच नाही.

मी घाई करायची. चौदाव्या वर्षी हळू वाजवणं म्हणजे येत नसल्याची कबुली वाटते. सर हातातली पेन्सिल कागदावर ठेवून म्हणायचे, “बाय, इतली घाई कित्याक?” आणि चौथ्या ओळीशी मी दर वेळी कोमल धैवत दाबायची. ॲकॉर्डियनवर शिकले, पण बोटं घरच्या पेटीची होती. त्यांनी त्या सुराभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढला. पुढच्या आठवड्यात पुन्हा चुकले, त्याच गोलावरून पुन्हा गोल.

1981 मध्ये सरांच्या ओळखीनं मला एका हॉटेलात लग्नाच्या रिसेप्शनला वाजवायचं काम मिळालं. नवरा-नवरी येताना काहीतरी गोड वाजवा, असं मुलीच्या मामांनी सांगितलं. मला याहून गोड काही येत नव्हतं. मी वाजवलं, छान झालं, धैवतही शुद्ध लागला. जेवणाच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, पांढरा सूट, पाँडिचेरीचे. अगदी हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, पोरी, वाजवलंस सुंदर, पण हे ताटातुटीचं गाणं आहे, प्रेम करणाऱ्यांना आयुष्य आवाज न करता लांब नेतं आणि समुद्र वाळूवरची त्यांची पावलं पुसतो असं त्यात आहे, नवरीसाठी कशाला निवडलंस? मला कानशिलं तापल्याचं आठवतं. शब्द असतात हेच मला ठाऊक नव्हतं. नंतर आइस्क्रीम घशाखाली उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी काव्हेलला जाऊन सरांना रागानंच विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. ते व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, “वाजप्याक उतरां नासतात, बाय.” वाजवणाऱ्याला शब्द नसतात.

यावर मी त्यांच्याशी नंतर पुष्कळ भांडले. माझं म्हणणं, शब्द माहीत असले तर सूर वेगळा लागतो. त्यांचं म्हणणं, शब्द माहीत असते तर तू काल वाजवलंसच नसतंस. ते गेले तोपर्यंत हा वाद मिटला नव्हता, आणि त्या लग्नातलं जोडपं, माझ्या माहितीप्रमाणे, मुलुंडला सुखानं नांदतं आहे.

कागद अजून ॲकॉर्डियनच्या पेटीत आहे. ‘ट्रॅड.’वर मी काट मारून कोस्माचं नाव लिहिलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एका कडेला कसर लागली आहे, निळी शाई पुसट झाली आहे. चौथ्या ओळीतले दोन तांबडे गोल मात्र जसेच्या तसे आहेत.